उठायची खुर्ची

गुण्यानानांचं खरं नाव दवाखान्याच्या कागदावर होतं. बाकी कुठे त्याची कधी गरज पडली नव्हती. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. ते कायम त्यांच्या मागच्या खिशात असायचं. कोणाकडे जेवायला गेले तरी नाना ते हळूच काढून टेबलाच्या कोपऱ्याला लावून बघायचे, आणि टेबल वाकडं निघालं की त्यांचं जेवणात लक्ष लागत नसे. अशा माणसाला लोकांनी दुसरं काय म्हणावं?

आयुष्यभर त्यांनी खुर्च्या केल्या. कपाटं, दारं, खिडक्या दुकानातली इतर माणसं करायची. नाना खुर्ची सोडून कशाला हात लावत नसत, आणि त्यातही त्यांचं नाव होतं ते उठायच्या खुर्चीसाठी. "बसायची खुर्ची कोणीही करील," ते म्हणायचे. "बसायला काय, माणूस दगडावरही बसतो. उठता आलं पाहिजे." गुडघे गेलेले, कंबर धरलेले म्हातारे त्यांच्याकडे यायचे. नाना त्यांना दुकानातल्या स्टुलावर बसवायचे, उठायला लावायचे, एक शब्द न बोलता बघायचे आणि मग कामाला लागायचे. बैठक नेहमीपेक्षा चार बोटं उंच, पुढच्या अंगाला किंचित उतरती, हात चांगले पुढे आलेले. त्या खुर्चीतून म्हातारा असा उठायचा, जणू मागून कोणीतरी हलकेच ढकललं. एखादा नाहीच उठला तर नाना त्याला बोल लावत नसत. खुर्ची परत दुकानात न्यायचे. माणूस उठत नाही म्हणजे खुर्ची चुकली, हा त्यांचा कायदा होता, आणि त्या कायद्यावर त्यांचं घर चाललं.

स्वतः मात्र ते कधी खुर्चीत बसले नाहीत. उभ्याने काम, उभ्याने चहा, फारच दमले तर मेजाला पाठ टेकायची. त्यामुळे आतड्यात गाठ निघाली आणि त्यांना आडवं व्हावं लागलं, तेव्हा ते अंगाला सवय नसलेलं काम होतं.

गाठ कापून काढली. आत काही उरलंसुरलं असलं तर त्याच्यासाठी सलाइनमधून औषध सुरू झालं. पहिल्याच खेपेला त्या औषधाने नानांना धुवून, पिळून वाळत घातलं. जिभेवर फोड आले. पाणीही धातूसारखं लागायला लागलं. बोटांची टोकं अशी बधिर झाली, की पेन्सिल हातात आहे की पडली हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागे. एका दुपारी ते भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखे रडले. बायकोने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

घरात माणसं तीन: नाना, बायको आणि दुकान सांभाळणारा मुलगा. माया मात्र दहा जणांना पुरेल एवढी होती, आणि खरं सांगायचं तर ती औषधाइतकीच कडक निघाली. पाणी खाटेवर, जेवण खाटेवर, चूळ भरायचं भांडं खाटेवर. नाना कुशीवर वळायला लागले तरी बायको हातातलं टाकून धावायची. "अहो, पडून राहा. ताकद साठवा." येणारेजाणारेही तेच सांगायचे. आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांना काहीतरी सांगावंच लागतं, आणि पडून राहा हे सांगायला सगळ्यांत सोपं. ताकद ही पिंपात पाणी भरून ठेवावं तशी भरून ठेवता येते, यावर त्या घरात कोणाचं दुमत नव्हतं. नाना पडून राहिले. मांड्यांचं मांस बघता बघता उतरलं. उभं राहायला दोघांचा आधार लागू लागला, आणि तोही आजारच आहे असं सगळ्यांनी धरून चाललं.

पुढच्या खेपेला मुलगा त्यांना काखेत हात घालून आत घेऊन गेला, तेव्हा डॉक्टर कागद वाचायचे थांबले आणि नानांच्या पायांकडे बघत राहिले.

"आज अर्धंच औषध देतो," ते म्हणाले. "पूर्ण दिलं तर रोगाच्या आधी यांनाच आडवं करील. पण एक सांगून ठेवतो. अर्ध्या औषधाने रोग दबून बसेल, जाईल असं मी म्हणणार नाही. मला पूर्ण द्यायचंय. त्यासाठी अंगात जोर हवा, आणि जोराची गोळी मिळत नाही." त्यांनी शेजारच्या खोलीकडे बोट केलं. "तिथे जा. ती जे सांगेल ते करा. पुढच्या वेळी ती हो म्हणाली, तर मी पूर्ण देईन."

शेजारच्या खोलीत एक तरुण बाई होती, पायात खेळायचे बूट आणि आवाज मैदानावरचा. दारावरच्या पाटीवर तिचं पद लिहिलेलं होतं. नानांनी ते वाचलं नाही आणि तिला व्यायामबाई म्हणायला सुरुवात केली. तिने त्यांना भिंतीला टेकवलेल्या एका लोखंडी खुर्चीवर बसवलं, दोन्ही हात छातीशी घडी करून ठेवायला लावले आणि म्हणाली, "आता उठा बघू."

नाना पुढे झुकले, लाल झाले आणि होते तिथेच राहिले. मग त्यांनी खाली वाकून खुर्चीच्या पायांकडे बघितलं.

"बसकी आहे ही," ते म्हणाले. "बैठकीला मागे उतार दिलाय. गाढवाने केलीय."

"असेल," बाई म्हणाली. "पण मला तुमच्या मांड्या बघायच्यात." आणि तिने त्यांना घरी काय करायचं ते दाखवलं. खुर्चीतून उठायचं, बसायचं. खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलायच्या. भिंतीला तळवे लावून भिंत ढकलायची. घरातल्या घरात चालायचं, रोज थोडं जास्त. "चक्कर आली, ताप आला, तर करायचं नाही, मला फोन करायचा. नुसता कंटाळा आला, तर करायचं."

"उठाबशा," नाना घरी जाताना गाडीत म्हणाले. "शाळेत शिक्षा म्हणून काढायचो. म्हातारपणी औषध म्हणून."

तरी ते बसले करायला. जेवायच्या टेबलापाशी साधी खुर्ची होती, तिच्यावर बसले, हातांची घडी घातली, जोर लावला. काही झालं नाही. पुन्हा लावला. काही झालं नाही. दुसऱ्या कोणाला याचा अर्थ पाय गेले असा कळला असता. नानांना वेगळा कळला. त्यांचा कायदा त्यांच्या डोक्यात पक्का होता, आणि सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो? त्यांनी मुलाला हाक मारली, आणि किती दिवसांनी त्यांच्या आवाजात दुकान ऐकू आलं.

खुर्ची मुलाने केली, पण नानांनी शेजारी उशीला टेकून एकेक माप सांगितलं. नेहमीच्या उठायच्या खुर्चीहून ती उंच होती. बैठकीला पुढे असा उतार, की बसणारा मुळात अर्धा उठलेलाच. सांधे असे बसले की केस जाणार नाही. मुलगा एरवी प्लायवूडची कपाटं ठोकायचा, त्यामुळे इतकं चांगलं काम आपल्या हातून होतंय हे बघून तोही खूश झाला. खुर्ची खोलीत आली. नाना तिच्यावर बसले, हात छातीशी घेतले आणि उठले. एका दमात.

घरात आनंदीआनंद झाला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मग रोज सकाळ-संध्याकाळ नाना उठायचे आणि बसायचे, कोणी भेटायला आलं तर त्याला दाखवायचे, आणि तो टाळ्या वाजवायचा. यात लबाडी नव्हती. नानांच्या मनात शंकासुद्धा नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांना लावायची तर पंचाईत अशी, की अंगण सरळ करून देणं हाच त्यांचा जन्मभराचा धंदा होता.

आणि म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी ती खुर्ची दवाखान्यात नेली.

दुकानाच्या टेम्पोतून नेली. मुलगा खुर्ची डोक्यावर घेऊन पुढे, बायको पिशवी घेऊन मागे, आणि मध्ये चाकाच्या खुर्चीत नाना, वरातीतल्या नवरदेवासारखे. दारावरच्या शिपायाने विचारलं, "हे काय?" नाना म्हणाले, "खुर्ची." शिपायाला पुढे काय विचारावं ते सुचलं नाही. आतल्या बाकावर बसलेली आजारी माणसंही मान वळवून बघत राहिली. व्यायामबाईंच्या खोलीत नानांनी लोखंडी खुर्ची बाजूला सारायला लावली, आपली तिथे ठेवली, बसले, हातांची घडी घातली, उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. आणि चांगलं काम गिऱ्हाइकापुढे ठेवल्यावर बघायचे, तसं तिच्याकडे बघितलं.

बाई हसली नाही. तिने त्या खुर्चीत बसून बघितलं, उठून बघितलं आणि बैठकीवरून तळवा फिरवला.

"फार सुंदर आहे, नाना," ती म्हणाली. "माझ्या आईला अशीच पाहिजे. खुर्ची पास झाली. आता तुम्ही इथे बसा."

लोखंडी खुर्ची पुन्हा भिंतीला लागली. नाना तिच्यावर बसले. हातांची घडी घातली. कपाळावरची शीर फुगली, मान थरथरली, आणि बूड बोटभरही सुटलं नाही.

"खुर्ची चुकीची आहे," ते म्हणाले, पण आता आवाज बारीक झाला होता.

"आहेच. दवाखान्यातली चुकीची, बसमधली चुकीची, संडास तर सगळेच चुकीचे. तुम्ही कष्ट केलेत, पण सगळे खुर्चीकडून करून घेतलेत. मांड्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही." मग ती बायकोकडे वळली. "आणि आजी, हे उठताना तुमचा हात आपोआप पुढे येतो. आत्ताही आला होता. तो मागे ठेवायचा."

डॉक्टरांनी पुन्हा अर्धंच औषध लिहून दिलं. "पुढच्या वेळी बघू," ते दाराशी मुलाला म्हणाले, "पण असं फार वेळा बघू म्हणता येणार नाही."

घरी आल्यावर नानांनी अबोला धरला. तो मुलाशी होता, बायकोशी होता की त्या खुर्चीशी, ते कळायला मार्ग नव्हता. खुर्ची मात्र खोलीच्या मधोमध होती आणि येता-जाता सगळ्यांना लागत होती. शेवटी बायको चिडून म्हणाली, "जगाच्या खुर्च्या तुम्ही बदलणार आहात का? पुरे पडाल का?"

सकाळी चहा झाल्यावर नाना मुलाला म्हणाले, "करवत आण."

"कशाला?"

"हिचे पाय कापायचेत."

मुलाने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "बाबा, माझ्या हातून झालेलं हे सगळ्यांत चांगलं काम आहे. मी प्लास्टिकचं एक बसकं स्टूल आणतो ना."

"स्टुलावरून मी आज उठणार नाही आणि उद्याही उठणार नाही. जिथून उठता येतं तिथून खाली उतरायला पाहिजे. बोट बोट." मग म्हणाले, "मलाही वाईट वाटतंय. आण."

पहिल्यांदा बैठकीचा उतार गेला. मागच्या बाजूचं लाकूड तासून ती सपाट केली. त्या दिवशी नाना उठले, पण दुसऱ्या प्रयत्नाला. मग पायांना हात घातला. चारही पाय सारखे कापले नाहीत तर खुर्ची डुगडुगते, म्हणून खुणा नानांनी स्वतः केल्या. बधिर बोटांनी पेन्सिल धरायला वेळ लागायचा, पण गुण्या लावल्याशिवाय त्यांनी एकही खूण केली नाही. पायांची एकेक चकती उतरली की दोन दिवस उठता यायचं नाही. मग यायचं. सहज यायला लागलं की मुलगा काही न विचारता करवत घेऊन उभा राहायचा. खुर्चीचे पुढे आलेले हातही नानांनी काढायला लावले. जन्मभर ज्या माणसाने खुर्च्या बऱ्या केल्या, तो एक खुर्ची पद्धतशीर बिघडवत होता, आणि त्यातही काम चोख होतं.

खरा व्यायाम बायकोचा होता. नाना उठायला लागले की तिचा हात निघायचा. ती तो परत घ्यायची. शेवटी ती समोर बसून दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवायला लागली. एकदा नाना अर्धे उठले, लटपटले आणि मागे धप्पकन आदळले. ती जागची हलली नाही. मग स्वयंपाकघरात गेली आणि भांडी अशी आपटली, की मुलगा बाहेरून धावत आला.

"मला नाही बघवत," ती आतून म्हणाली.

"नको बघूस," नाना म्हणाले. "पण उचलायलाही येऊ नकोस."

सगळे दिवस सारखे नव्हते. एकदा ताप आला, तेव्हा बाईंना फोन केला आणि सगळं बंद ठेवलं. कधी नुसतं खाटेच्या कडेला बसून टाचा उचलल्या आणि तेवढ्यावर भागवलं. पण हळूहळू जेवण खाटेवरून टेबलावर आलं. नाना ओसरीपर्यंत जायला लागले, मग फाटकापर्यंत. भेटायला येणारे म्हणायचे, कशाला जिवाला त्रास? नाना त्यांना बसायला ती बुटकी खुर्ची द्यायचे आणि निघताना त्यांची उडालेली तारांबळ बघायचे. एवढी एक करमणूक त्यांनी स्वतःला ठेवली होती.

आणखी एक गोष्ट होत होती, ती कोणी बोलत नव्हतं. अर्धं औषध नानांना मानवलं होतं. जिभेचे फोड भरले होते. चहाला चहाची चव आली होती. रात्री झोप लागत होती. त्या घराला पुन्हा घराचा वास यायला लागला होता.

खुर्ची शेवटी लोखंडी खुर्चीएवढी बसकी झाली, आणि मग नानांनी आणखी एक चकती उतरवली, न सांगता.

दवाखान्यात ते या वेळी मुलाच्या दंडाला धरून चालत गेले. व्यायामबाईने लोखंडी खुर्ची भिंतीला लावली. नाना बसले, हातांची घडी घातली, उठले. ती घड्याळाकडे बघत राहिली आणि नाना उठत राहिले, बसत राहिले, ती पुरे म्हणेपर्यंत. धाप लागली होती, पण तोंडावर गिऱ्हाइकाने पसंत केलेल्या कामाचं समाधान होतं. बाई आत गेली. परत आली तेव्हा तिच्यामागे डॉक्टर होते.

"शाब्बास," ते म्हणाले. "आजपासून पूर्ण."

"आजच?" नाना म्हणाले.

त्यांच्या लक्षात आलं ते तेव्हा. इतके दिवस ते खुर्चीशी झुंजत होते, चकत्या उतरवत होते, मांड्या चाचपत होते. हे सगळं कशासाठी चाललंय ते त्यांना माहीत होतं, पण आठवत नव्हतं. आता आठवलं. फोड आठवले, धातूसारखं पाणी आठवलं, भिंतीकडे तोंड करून काढलेली ती दुपार आठवली.

मुलगा औषध आणायला खाली गेला. सलाइनच्या खोलीबाहेर भिंतीला तशाच लोखंडी खुर्च्या ओळीने लावलेल्या होत्या. नाना आणि बायको शेजारी-शेजारी बसले. मुलगा आणलेलं औषध आत देऊन, गाडी नीट लावून येतो म्हणून परत गेला. काही वेळाने सिस्टर दारात आली आणि तिने कागदावरचं नाव वाचलं. ते नानांचं होतं.

नाना बसून राहिले.

सिस्टरने पुन्हा नाव वाचलं, जरा मोठ्याने.

"भीती वाटतेय गं," नाना समोर बघत म्हणाले.

"मलाही," बायको म्हणाली.

पाय चालत नाहीत, आज उठवत नाही, असं म्हणायची सोय आतापर्यंत होती. कोणी वाईट म्हटलं नसतं. डॉक्टरांनी अर्धं दिलं असतं, घरी गेल्यावर चहाला चहाची चव लागली असती, आणि पुढचं पुढे. ती सोय नानांनी स्वतःच खुणा करून, बोट बोट, कापून टाकली होती. बायकोला हे कळत होतं. तिच्या ओठांवर शब्द आला होता, आज नको म्हणून सांगू या का. तो तिने गिळला. हात तिने आपल्या मांड्यांखाली दाबून धरले.

नानांनी दोन्ही हात छातीशी घेतले, कोणी सांगितलं नव्हतं तरी. पहिल्या झटक्याला उठवलं नाही. दुसऱ्या झटक्याला उठले आणि थोडा वेळ तोल सावरत उभे राहिले.

"तू बस," ते बायकोला म्हणाले, आणि सिस्टरच्या मागोमाग एकटे आत गेले.